२५ हजारांत कॉफी मशीन घ्यावं का? (रविवारी सेल संपतोय, नाशिककरांनो लवकर बोला)

गोदाकाठी_निशाचर (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी.
गेली कित्येक वर्षं आमच्या घरी कॉफी म्हणजे बरणीतली इन्स्टंट पावडर, साखर आणि म्हशीचं दूध. बाबांच्या कपात वरून जायफळ. मागच्या वर्षी कामासाठी चार महिने बंगळूरला राहिलो आणि तिथे जीभ बिघडली. परत आल्यापासून बरणीतली कॉफी घशाखाली उतरत नाही. कॉलेज रोडला जाऊन रोज एक कॅपुचिनो प्यायलो तर महिन्याचे ६ हजार होतात. हा हिशोब बायकोने लिहून फ्रिजवर चिकटवलाय.

आता एका सेलमध्ये एस्प्रेसो मशीन दिसतंय. १५ बार प्रेशर, दूध फेसाळायची नळी, स्टीलची बॉडी, किंमत २२ हजार आणि काही. बजेट २५, त्यावर एक रुपया नाही. घरात पिणारे तिघं. मी काळी किंवा थोड्या दुधाची, बायको कॅपुचिनो, बाबा (वय ७४) जायफळवाली, दिवसातून दोनदा, तिथे तडजोड नाही.

मशीन घ्यावं का? बिया कुठल्या आणाव्यात? बिघडलं तर नाशकात दुरुस्त होईल का? अनुभवी लोकांनी लिहा. कंपनीच्या साइटवरची माहिती मी वाचलीय.

चहाबाज
चहा प्या. २५ हजार वाचले. धागा बंद करा.

पंचवटी_पकडणारा
ग्राइंडर कोणता आहे तुमच्याकडे?

गोदाकाठी_निशाचर
ग्राइंडर म्हणजे? मिक्सर आहे की. चटणीचं छोटं भांडं पण आहे.

पंचवटी_पकडणारा
तिथेच घोळ आहे, रागावू नका. मी हे सगळं स्वतः भोगलंय.

मिक्सरचं पातं बी दळत नाही, फोडतं. त्यातून थोडा रवा निघतो, थोडा मैदा आणि मध्येच दोनचार अख्खे तुकडे. गरम पाणी लागलं की मैद्यातलं सगळं भसकन उतरून कडू होतं, रव्यातलं अर्धं आतच राहतं आणि ते आंबट लागतं. एकाच कपात कडू आणि आंबट दोन्ही. मग माणूस म्हणतो बिया वाईट आहेत. शिवाय चटणीच्या भांड्याचा लसूण कितीही घासा, जात नाही. आमच्याकडे पाहुणे आले होते तेव्हा मी चिकमगळूरच्या महागड्या बियांची लसूण-खोबऱ्याची कॉफी पाजली आहे. सासरे सभ्य माणूस, पूर्ण कप संपवला.

ज्याला बर ग्राइंडर म्हणतात ते खरं तर आपलं जातंच. दोन दातेरी चकत्या, मधलं अंतर कमीजास्त करता येतं, बी त्यातून गेलं की सगळे कण साधारण एकाच मापाचे. हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर ६ ते ८ हजारांत येतो, २० ग्रॅम बिया मिनिटाभरात दळून होतात. २-३ हजारांतलेही आहेत. त्यांची दांडी लवकर डुगडुगायला लागते, पण मिक्सरपेक्षा शंभर पटीने बरे.

म्हणजे २५ मधले ७-८ आधी दळणाला बाजूला काढा. उरलेल्यात काय येतं ते मग बघू. मी सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडतो, माझ्याकडे वेळ म्हणजे मोजून ६ मिनिटं. एरोप्रेस वापरतो. प्लॅस्टिकचा मोठा इंजेक्शनच समजा. पूड टाकायची, पाणी ओतायचं, ढवळायचं, मिनिटभर थांबून दाबायचं. धुवायला दहा सेकंद. २००५ साली ॲलन ॲडलर नावाच्या माणसाने हा काढला. त्याआधी तो हवेत फेकायच्या उडत्या चकत्यांसाठी प्रसिद्ध होता. काय डोकं असेल!

सातपूरचा_फिटर
मशीनबद्दल मी सांगतो, कारण माझं माळ्यावर आहे.

'१५ बार' हा आकडा पंपाची कमाल ताकद सांगतो. एस्प्रेसोला पुडीवर साधारण ९ बार लागतात. त्यामुळे १५ वाचून हुरळून जाऊ नका, २० लिहिलं असेल तरी नका. खरी मेख चाळणीत आहे. स्वस्त मशिनला दुहेरी तळाची चाळणी येते, खालच्या तळाला सुईएवढं एकच भोक. शिळी, जाडी, कशीही पूड घाला, त्या भोकातून दाबाने बाहेर येताना फेस धरतोच. दिसायला झकास, चव मात्र बरणीतलीच. एकेरी तळाची चाळणी लावली की दाब पुडीनेच अडवायचा असतो. १८ ग्रॅम पूड, साधारण ३६ ग्रॅम कॉफी, २५ ते ३० सेकंद. दळण जरा जाड झालं की दहा सेकंदांत धो धो, जरा बारीक झालं की थेंब थेंब. तेवढं बारीक फिरणारा ग्राइंडर मशीनएवढ्याच किमतीला जातो.

माझं कशाने गेलं? पाण्याने. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचं पाणी. वर्षभरात आतल्या नळ्यांत क्षार बसून वाफ बंद. कंपनीचं नाव घेत नाही, पण फोनवर म्हणाले नाशिकला माणूस नाही, मशीन मुंबईला पाठवा, खोका मूळचाच हवा. खोका बायकोने रद्दीत दिला होता.

चहाबाज
चहाच्या पातेल्याला मूळ खोका लागत नाही.

गोदाकाठी_निशाचर
बाप रे. म्हणजे २२ च्या मशिनवर २० चा ग्राइंडर? मग मी काय करू? आणि बियांचं कोणी बोललंच नाही अजून. साइटवर वॉश्ड, नॅचरल, हनी, पीबी, प्लँटेशन ए असलं काय काय लिहिलेलं असतं. हनीत मध असतो का?

द्राक्षबागाईत
मध नसतो भाऊ.

माझी बाग पिंपळगावकडे. साडू चिकमगळूरला एका मळ्यावर मॅनेजर, म्हणून हे पाहिलेलं आहे. नाशिकवाल्याला समजायला एकदम सोपं.

कॉफीचं फळ म्हणजे करवंदाएवढी लाल चेरी. आत गर, चिकट थर, मग दोन बिया समोरासमोर, एक बाजू चपटी. आपला बेदाणा आठवा. अख्खं फळ सालीसकट वाळवलं की सगळी गोडी आत मुरते. तसं केलं की ती 'नॅचरल', आपल्याकडच्या बाजारात हिला 'चेरी' म्हणतात. चवीला फळाळ, भारी, कधी कधी दारूची झाक. साल काढून, चिकटा आंबवून, धुऊन मग वाळवली की 'वॉश्ड'. चव स्वच्छ आणि आंबटपणा उठून दिसतो. अरेबिका जातीची कॉफी अशी धुतलेली असेल तर तिला 'प्लँटेशन' म्हणायचं, रोबस्टा जातीची असेल तर 'पार्चमेंट'. पुढचं ए, बी हे चाळणीवरचं माप आहे. आपण मण्यांचे मिलिमीटर मोजतो ना, तेच. साल काढली पण चिकटा ठेवूनच वाळवली की 'हनी'. वाळताना हाताला मधासारखी लागते म्हणून.

पीबी म्हणजे पीबेरी. फळात दोनाऐवजी एकच बी धरलं की ते गोल होतं, वाटाण्यासारखं. लोक जास्त पैसे मोजतात. मला फरक कळत नाही, साडूला कळतो असं तो म्हणतो.

रोबस्टात कॅफिन अरेबिकाच्या जवळपास दुप्पट, कडूपणा जास्त, फेस दाट. अरेबिका उंचावर होते, नाजूक असते. आमच्याकडे द्राक्षावर डावणी रोग, तसा त्यांच्याकडे पानावरचा तांबेरा. बाळेहोन्नूरला केंद्रीय कॉफी संशोधन संस्था आहे, १९२५ पासूनची. तिथलं एस ७९५ हे वाण अजून मळ्यामळ्यांत दिसतं. पाकिटावर हा नंबर दिसला तर घाबरू नका, ते वाणाचं नाव आहे.

आणि चहाबाज, तांबेऱ्यावरून आठवलं. १८७० च्या आसपास सिलोनच्या कॉफीवर हाच रोग पडला, मळेच्या मळे बसले, तेव्हा तिथल्या लोकांनी चहा लावला. तुमचा सिलोनचा चहा म्हणजे आमच्या रोगाचे उपकार.

चहाबाज
मी आसाम पितो.

पंचवटी_पकडणारा
@द्राक्षबागाईत मस्त लिहिलंत. बेदाण्याचं उदाहरण मी यापुढे चोरणार.

धागाकर्त्यासाठी एकच भर. पाकिटावर जातीकुळी वाचण्याआधी भाजल्याची तारीख शोधा. एक्स्पायरी असते ती नाही, भाजल्याची. ती छापलेली नसेल तर पाकीट खाली ठेवा. भाजल्यावर बियांतून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो, म्हणून पाकिटाला ती एकेरी बटणासारखी झडप असते. पहिले चारपाच दिवस कॉफी बंडखोर असते, नंतर तीनचार आठवडे उत्तम, पुढे उतरत जाते. कर्नाटकातून कुरिअर यायला जे दिवस लागतात तेवढ्यात ती बरोबर मुरून येते. एका वेळी २५० ग्रॅमच्या वर मागवू नका. फ्रिजमध्ये ठेवू नका, दमट हवा आणि कालच्या भाजीचा वास दोन्ही ओढून घेते. घट्ट झाकणाचा डबा, ओट्यापासून लांब.

हिशोब हवा असेल तर: २५० ग्रॅमला ५५० रुपये धरा, कपाला १५ ग्रॅम, १६ कप. कप पडला ३४ रुपयांना. हे फ्रिजवरच्या कागदाखाली लिहा.

द्राक्षबागाईत
२०२४-२५ मध्ये कॉफीचे भाव वाढले, त्याचं कारणही सांगतो. ब्राझीलला २०२४ मध्ये दुष्काळ पडला, व्हिएतनामलाही पाणी कमी. २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका पाउंडाला ४ डॉलरच्या वर गेली होती. साडू खूश. आमचा द्राक्षाचा भाव मात्र विचारू नका.

ओझर_मिग
इतकं सगळं झालं आणि फिल्टरचं नाव कोणी काढलं नाही? कमाल आहे.

मी ओझर टाउनशिपमध्ये वाढले. वडील एचएएल या सरकारी विमान कंपनीत. १९६४ साली तिथे मिग विमानांचा कारखाना आला, आणि कंपनी मूळची बंगळूरची, त्यामुळे आमच्या लाइनीत निम्मी घरं कानडी-तमिळ. सकाळी साडेसहाला जिन्यात कॉफीचा वास यायचा आणि आम्ही मराठी पोरं डबा-तांब्या घेऊन शाळेला निघताना नुसती हुंगत जायचो. शेजारच्या मामींनी मला आठवीत असताना फिल्टर लावायला शिकवला. तो असा.

स्टीलची दोन भांडी एकावर एक, वरच्याला तळाशी बारीक भोकं. वरच्यात तीन भरगच्च चमचे पूड, साधारण २५ ग्रॅम. दांड्याची चकती वर ठेवून हलकं दाबायचं, जोर करायचा नाही. कडकडीत पाणी आधी थोडंसं, पूड फुगली की बाकीचं, सगळं मिळून १२०-१५० मिली. झाकण. मग विसरून जायचं. मामी रात्री लावून झोपायच्या. वीस मिनिटांत पण होतं. खाली जो काळा अर्क जमतो तो डिकॉक्शन. तो कधीही उकळायचा नाही, ही पहिली आणि शेवटची आज्ञा. दूध उकळतं, त्यात डिकॉक्शन ओतायचं, टंबलरमधून डबऱ्यात वरून ओतत फेस आणायचा. दुसऱ्या पाण्याचा डिकॉक्शन पातळ, तो दुपारी चारला.

टपकायचं थांबलं तर भोकं बुजली आहेत. रिकामं भांडं गॅसवर उलटं धरून जाळायचं, मग टाचणी. फिल्टर ४००-५०० रुपयांत येतो. वीज नको, सर्व्हिस सेंटर नको, मूळ खोका नको.

बाबांची जायफळवाली याच्यावर उत्तम होते. पूड मध्यम-काळी भाजलेली, प्लँटेशन ए आणि पीबी, २० टक्के चिकोरी.

शुद्ध_अरेबिका
चिकोरी? एवढ्या चांगल्या चर्चेत चिकोरी कशाला आणली? ती सरळसरळ भेसळ आहे. कॉफीच्या भावाने मुळं विकायची.

ओझर_मिग
भेसळ म्हणजे न सांगता मिसळणं. पाकिटावर टक्के छापलेले असतात, चष्मा लावा. कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी निम्म्याहून जास्त, किमान ५१ टक्के असावी असा कायदाच आहे. आणि हो, मुळंच आहेत ती. निळ्या फुलांचं झाड, मुळं वाळवून भाजतात. गुजरातेत शेती होते. नेपोलियनच्या काळात फ्रान्सला कॉफी मिळेना तेव्हापासून लोक पितात. कॅफिन शून्य. दुधात कॉफीचा रंग आणि अंग टिकवायला तिच्यासारखं दुसरं काही नाही.

शुद्ध_अरेबिका
अंग टिकवायला दूधच कशाला घालायचं मुळात?

ओझर_मिग
काका, ७४ वर्षांच्या माणसाला तुम्ही जाऊन सांगा दूध बंद म्हणून. मी दारात उभी राहते.

निफाडची_थंडी
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. चालू द्या.

सातपूरचा_फिटर
भांडण तुमचं तुम्ही करा, एक तांत्रिक गोष्ट सांगून जातो. चिकोरी पाणी धरून फुगते. फिल्टरमध्ये ते चालतं, उलट अर्क सावकाश उतरतो. मोका पॉटमध्ये (गॅसवर ठेवायचं, वाफेच्या दाबाने कॉफी वर ढकलणारं भांडं) किंवा मशिनमध्ये चिकोरीची पूड घालू नका, चोंदते.

आता पाणी. कॉफीच्या कपात ९८ टक्के पाणीच असतं, तरी त्यावर कोणी बोलत नाही. माझ्याकडे दोनशे रुपयांचं टीडीएस मीटर आहे, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला दाखवतो. कॉफीसाठी १५० च्या आसपास चांगलं मानतात, ७५ ते २५० चालतं. आमच्या नळाला महापालिकेचं पाणी येतं तेव्हा मीटर या पट्ट्यात असतं. बोअर सुरू झालं की ७०० च्या वर. आरओतून काढलं की २५-३०. आरओच्या पाण्याची कॉफी मचूळ लागते, कारण चव ओढून घ्यायला पाण्यात थोडे क्षार लागतात. बोअरच्या पाण्याची बोजड लागते आणि मशीनही मारते. आरओ असेल तर आत टीडीएस कमीजास्त करायचा स्क्रू असतो, माणूस आला की १२० च्या आसपास लावून घ्या. नाहीतर नळाचं गाळलेलं आणि आरओचं निम्मंनिम्मं.

आणखी एक. पुस्तकी सल्ला असतो की पाणी ९२ ते ९६ अंशांवर हवं, उकळल्यावर दोन मिनिटं थांबा. आपण समुद्रापासून सुमारे ६०० मीटर वर आहोत. इथे पाणी ९८ लाच उकळतं. दोन मिनिटं थांबलात तर थंडीत पार कोमट. केटल खाली ठेवा, तीस सेकंद, ओता.

गोदाकाठी_निशाचर
अपडेट. रविवार गेला. सेल संपला. मशीन घेतलं नाही. (बायकोने कागद फ्रिजवरून काढला नाही, पण हसली.)

सध्या एका मित्राचा मोका पॉट उसना आणलाय आणि कॉलेज रोडच्या एका कॅफेतून २०० ग्रॅम बिया दळून घेतल्या. आज सकाळी केली. पाच मिनिटं काहीच नाही, मग एकदम फुर्र करून तपकिरी पाण्याचा फवारा, ओटा, टाइल्स, माझा शर्ट. जी उरली ती जळक्या टायरसारखी. काय चुकलं? गार पाणी वरपर्यंत भरलं, पूड गच्च दाबून बसवली, गॅस फुल.

पंचवटी_पकडणारा
तीनही चुकलं. :) एका झटक्यात तीन, अभिनंदन.

खालच्या भांड्यात बाजूला एक झडप दिसते ना, पितळी बटण? पाणी तिच्या खालीच राहिलं पाहिजे. ती सुरक्षिततेसाठी आहे, पाण्यात बुडवून निकामी करू नका. पाणी आधीच गरम केलेलं घाला, म्हणजे पूड गॅसवर भाजत बसत नाही. भांडं गरम असतं, फडक्याने धरून फिरवा. पूड काठापर्यंत भरा, बोटाने सपाट करा, पण दाबू नका. दाब हे मशिनचं काम, मोकात जेमतेम १-२ बार तयार होतो, गच्च पुडीतून तो जाणार कुठून?

गॅस सगळ्यात बारीक. आपल्या शेगडीच्या तिकाटण्यावर छोटा पॉट बसत नाही, कलंडतो, त्यासाठी छोटी जाळी मिळते. झाकण उघडं ठेवा. मधासारखी धार येईल. धार फिकी पडून खुळखुळ आवाज आला की लगेच उतरवा आणि बूड ओल्या फडक्यावर टेकवा. तो शेवटचा खुळखुळाट म्हणजेच तुमचा टायर.

दळण फिल्टरच्या पुडीपेक्षा जरा बारीक, एस्प्रेसोपेक्षा जाड. बारीक रव्याच्या जवळपास. हा पॉट इटलीत बियालेटीने १९३३ मध्ये आणला, ॲल्युमिनियमचा. तुमचा ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर चालणार नाही, स्टीलचा सहसा चालेल.

इंदिरानगरची_सूनबाई
सगळे मशिनवर तुटून पडलेत म्हणून लिहिते. माझ्याकडे तसंच १५ बारवालं आहे, तीन वर्षं झाली, रोज चार कॅपुचिनो. ग्राइंडर नाही. दळलेली पूड आणते, दुहेरी तळाचीच चाळणी वापरते. होय, फेस खोटा आहे. पण माझी कॅपुचिनो मला आवडते, नवऱ्याला आवडते, सासूबाईंच्या भिशीत तर माझा भाव वधारलाय. दर महिन्याला लिंबूफूल घातलेलं पाणी एकदा आणि साधं पाणी दोनदा फिरवते. आजवर बंद पडलं नाही.

दुधाचं मात्र ऐका. मशिनच्या नळीसाठी फ्रिजमधलं थंड दूधच घ्या, गरम घेतलं तर फेस धरायच्या आतच ते जास्त तापतं. ६०-६५ अंशांवर थांबा, म्हणजे भांड्याला हात लावून ठेवता येईनासं होईल तेव्हा. त्यापुढे फेस फुटतो आणि दूध उकळल्यासारखं लागतं. म्हशीच्या दुधाचा फेस जड बसतो, गायीचं दूध मला जास्त बरं वाटतं. मशीन नसेल तर फ्रेंच प्रेसमध्ये (दांड्याला जाळी लावलेलं काचेचं भांडं) गरम दूध घालून दांडा वीसेकदा वरखाली करा. फेस हुबेहूब नाही, पण बायको रागावणार नाही इतका होतो.

सातपूरचा_फिटर
लिंबूफूल दर महिन्याला... हे मला तीन वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर.

शुद्ध_अरेबिका
खोटा फेस, मुळांची पूड, जायफळ. या धाग्यावर कॉफी कोणी पितं का?

पांढरा_कोट
मी डॉक्टर आहे, कॉफीबाजही आहे. दोन गोष्टी थोडक्यात. फिल्टर, मोका, फ्रेंच प्रेस, एस्प्रेसो यांत कागद नसतो, त्यामुळे कॉफीतला कॅफेस्टॉल हा तेलकट घटक कपात उतरतो. तो एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढवतो. फ्रेंच प्रेसमध्ये जास्त. कोलेस्टेरॉल आधीच वर असेल आणि दिवसाला चारपाच कप होत असतील तर कागदी गाळणीची कॉफी करा. ती गाळणीही १९०८ मध्ये मेलिटा बेन्झ या जर्मन गृहिणीने काढली, मुलाच्या वहीचा टीपकागद वापरून. दुसरं, प्रौढांना दिवसाला ४०० मिलिग्रॅम कॅफिनपर्यंत सहसा चालतं, गरोदरपणी २००. शरीरातलं निम्मं कॅफिन जायला पाचेक तास लागतात, तेव्हा संध्याकाळी सातचा कप रात्री बारालाही अर्धा जागा असतो. जायफळाने झोप येते म्हणून ती कॉफी रात्री प्यायली तर चालते, असा युक्तिवाद माझ्या घरी रोज ऐकतो. चालत नाही.

गोदाकाठी_निशाचर
पंधरा दिवसांनी लिहितोय, माफी.

शेवटी काय घेतलं ते सांगतो. हातचा ग्राइंडर ६,८००. स्टीलचा मोका पॉट तीन कपांचा (ते तीन कप म्हणजे आपला एक, हे कोणी सांगितलं नाही!) २,१००. फिल्टर ४५०. बिया दोन प्रकारच्या: माझ्यासाठी मध्यम भाजलेली नॅचरल, आणि घरासाठी चिकोरी मिसळलेली तयार पूड. दहा हजारांच्या आतच बसलं. मोकाची धार चौथ्या दिवशी मधासारखी आली, तो दिवस मी ऑफिसात सगळ्यांना सांगितला.

ग्राइंडर फिरवायचं काम बाबांनी स्वतःकडे घेतलंय. त्यांच्या लहानपणी घरी जातं होतं, आजी दळायची तेव्हा ते खुंट्याला हात लावायचे. आता सकाळी सहाला हॉलमध्ये खरखर सुरू होते. पहिल्या दिवशी मी माझी नॅचरल, दुधाशिवाय, त्यांना चाखायला दिली. एक घोट घेतला. म्हणाले, "आंबली आहे." मी बेदाण्याचं उदाहरण दिलं, साल, गर, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, उठले, किसणी आणली आणि त्या कपात जायफळ किसलं. मग दूध. मग दोन चमचे साखर. मी काही बोललो नाही. फिल्टरची मात्र आवडली. "ही कॉफी आहे," असं म्हणाले आणि दुसरा कप मागितला. @ओझर_मिग तुमच्या मामींना नमस्कार सांगा.

आता नवीन प्रश्न. बाबांना माळ्यावर पितळी फिल्टर सापडलाय, आजीच्या वेळचा, आतून काळा पडलेला. त्यांना त्यातच करायची आहे. वापरला तर चालेल का?

तांबटाची_लेक
असाच वापरू नका. कॉफी थोडी आंबट असते, उघड्या पितळेला लागून कळकते. आतून कल्हई करून घ्यावी लागेल. आमच्या घरी हाच धंदा होता. जुनी भांडी असतील तर भांडी बाजारात दोनचार दुकानांत विचारा, कल्हईवाला कुठल्या वारी येतो ते सांगतात. पण फिल्टर आहे हे आधी सांगा. भोकांच्या चकतीवर कल्हई चढवली की भोकं बुजतात, ती चकती वेगळी काढून ठेवा, त्याला देऊ नका. चकती पितळी असेल तर स्टीलची बसवून घ्या, आतलं माप नेलं की करून देतात.

गोदाकाठी_निशाचर
धन्यवाद. शनिवारी जातो. बाबा पण येतो म्हणतायत.

ओझर_मिग
जाताना पूड घेऊन जा आणि तिथेच लावून बघा, गळत असेल तर लगेच कळेल. आणि फोटो टाका.

चहाबाज
भांडी बाजारातून येताना चहा कुठे चांगला मिळतो ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.